'रेड लायन' ते 'बॉम्बे ग्रॅब': इंग्लंडमधील पबांच्या नावांची कुळकथा

आपल्या ग्वाल्हेरच्या मराठी घरांतील बरीच मुले-नातवंडे आता इंग्लंडात आहेत. त्यांच्याकडे दोन-तीन महिने राहून आलेले आजी-आजोबा परत आले की गप्पांत एक विषय हमखास निघतो, तो म्हणजे तिथल्या पबांच्या पाट्या. 'तांबडा सिंह', 'पांढरे हरिण', 'हत्ती आणि किल्ला', 'मुकी बाई', 'विधवेचा मुलगा'. ही कसली नावे, कोणी ठेवली आणि का, असे प्रश्न आम्हाला अनेकांनी विचारले. त्यांची उत्तरे एका जागी असावीत म्हणून ही नोंद.

मंडळाच्या पानावर पबची चर्चा कशाला, असे काही ज्येष्ठांना वाटेल. पण 'पब' हे 'पब्लिक हाउस'चे लघुरूप आहे, म्हणजे चारचौघांसाठी उघडे असलेले घर. आपल्याकडे गुत्ता म्हटले की जे चित्र उभे राहते ते इथे लागू नाही. गावाची चावडी, वाटसरूंची सराई, कामगारांचा अड्डा आणि पतपेढी ही सारी कामे शतकानुशतके या एका जागेने केली. तिथे लिंबू सरबत मागवून तासभर बसलेल्याला आजही कोणी उठवत नाही.

पाटी का लागली

मध्ययुगीन इंग्लंडात जवाची बिअर घरोघरी गाळली जाई, आणि हे काम बहुधा बायका करीत. ताजी बिअर तयार झाली की दारावर एक काठी बाहेर काढून तिच्या टोकाला हिरव्या पाल्याची जुडी बांधायची, हीच जाहिरात. पुढे 1393 मध्ये राजा दुसरा रिचर्ड याच्या काळात असा दंडक आला की, विकण्यासाठी बिअर गाळणाऱ्याने दारावर खूण लावलीच पाहिजे, नाहीतर माल जप्त. त्यामागे सौंदर्यदृष्टी नव्हती. बिअरचा दर्जा तपासणारे अधिकारी गावोगाव नेमलेले असत, त्यांना दुकान सापडावे एवढाच हेतू. नाटककार शेक्सपिअरचे वडील जॉन हे 1556 मध्ये स्ट्रॅटफर्ड गावात याच कामावर होते.

बहुसंख्य लोकांना अक्षर येत नव्हते, त्यामुळे पाटीवर शब्द नसून चित्र असे. आपल्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत बैलजोडी, झोपडी अशी चिन्हे ज्या कारणाने आली, तेच कारण इथेही. शिवाय घरांना क्रमांक नव्हते. 'पांढऱ्या हरणासमोरच्या गल्लीत तिसरे घर' असाच पत्ता सांगितला जाई. एकापेक्षा एक मोठ्या लोखंडी कमानींवर जड पाट्या लोंबू लागल्या. 1718 मध्ये लंडनच्या फ्लीट स्ट्रीटजवळ अशी एक पाटी भिंतीच्या दर्शनी भागासकट कोसळून माणसे दगावली. पुढे 1762 पासून लंडनमध्ये लोंबत्या पाट्यांवर निर्बंध आले, आणि घरांना क्रमांक देण्याची पद्धत त्यानंतर रुळली. इतर दुकानांच्या पाट्या हळूहळू गेल्या. पबांनी मात्र आपली चित्रे सोडली नाहीत.

राजा बदलला की पाटी बदलते

सर्वांत जुनी नावे दोन ठिकाणांहून आली: चर्च आणि राजवाडा. 'क्रॉस कीज' म्हणजे एकमेकींवर आडव्या ठेवलेल्या दोन किल्ल्या, ही संत पीटरची खूण. 'लॅम्ब अँड फ्लॅग' म्हणजे निशाण घेतलेले कोकरू, हे येशूचे प्रतीक. 'एंजल' आणि 'बेल' ही नावेही त्याच कुळातली. यात्रेकरूंना उतरायला जागा चर्चच्या आश्रयाने चाले, त्याची ही आठवण.

राजघराण्याच्या खुणा त्याहून जास्त आहेत. 'व्हाइट हार्ट' म्हणजे पांढरे हरिण, हे वर सांगितलेल्या दुसऱ्या रिचर्डचे चिन्ह. पाटीची सक्ती त्याच्याच काळात झाल्याने हे नाव पसरले. इंग्लंडातले सर्वाधिक आढळणारे नाव 'रेड लायन'. ते जॉन ऑफ गाँट या सरदाराच्या चिन्हावरून आले असे काही म्हणतात, तर स्कॉटलंडचा राजा सहावा जेम्स 1603 मध्ये इंग्लंडच्या गादीवर आला तेव्हा स्कॉटलंडचा तांबडा सिंह घेऊन आला असे काही म्हणतात. आमच्या मते शेकडो 'रेड लायन'ना एकच कारण शोधणे व्यर्थ आहे. सिंह हे अनेक सरदारांच्या ढालीवर होते, आणि ज्याच्या जमिनीवर पब, त्याचे चिन्ह पाटीवर हा साधा व्यवहार होता.

राजा बदलला की शहाणा पबवाला रंगाचा डबा काढी. 1485 मध्ये बॉसवर्थच्या लढाईत तिसरा रिचर्ड मारला गेला. त्याचे चिन्ह पांढरे रानडुक्कर. विजयी पक्षातल्या ऑक्सफर्डच्या अर्लचे चिन्ह निळे रानडुक्कर. तेव्हा रातोरात पाट्यांवरचे पांढरे डुक्कर निळे झाले, अशी कथा लेस्टरकडे सांगतात. आठव्या हेन्रीने 1534 मध्ये रोमशी संबंध तोडल्यावर 'पोप्स हेड'ची 'किंग्ज हेड' झाली असेही सांगितले जाते. सगळ्याच कथांना कागदोपत्री पुरावा नाही, पण पोटासाठी निष्ठा बदलण्याची कला सर्व देशांत सारखीच.

'रॉयल ओक'ची कथा मात्र पक्की आहे. 3 सप्टेंबर 1651 रोजी वूस्टरच्या लढाईत क्रॉमवेलने तरुण चार्ल्सचा पराभव केला. पळता पळता तो बॉस्कोबेल इथे एका ओकच्या झाडावर दिवसभर लपला, आणि शिपाई खालून शोधत फिरले. 1660 मध्ये तो दुसरा चार्ल्स म्हणून गादीवर आला, आणि ते झाड देशभराच्या पाट्यांवर चढले.

ऐकीव व्युत्पत्त्या

या विषयात सर्वांत जास्त गोंधळ इथे आहे. तिकडे जाणाऱ्या आपल्या मंडळींना सहलीचा वाटाड्या ज्या गोष्टी रंगवून सांगतो, त्यातल्या बऱ्याच खोट्या असतात.

'एलिफंट अँड कॅसल' घ्या. लंडनच्या दक्षिण भागातल्या या प्रसिद्ध चौकाचे नाव तिथल्या एका जुन्या सराईवरून पडले. स्पेनच्या राजकन्येला 'इन्फान्ता द कास्तिल' म्हणत, त्याचा इंग्रजी अपभ्रंश म्हणजे हे नाव, असे आजही ठासून सांगितले जाते. प्रत्यक्षात हत्ती आणि त्याच्या पाठीवरचा बुरूज हे लंडनच्या चाकू-सुऱ्या करणाऱ्यांच्या संघाचे चिन्ह आहे. मुठींसाठी हस्तिदंत लागे, म्हणून हत्ती. आणि हत्तीच्या पाठीवरचा तो 'किल्ला' पाहिल्यावर आपल्याला कोणी समजावून सांगायला नको. ती अंबारी आहे. हत्ती न पाहिलेल्या युरोपीय चित्रकारांनी युद्धातल्या हत्तींची वर्णने ऐकून दगडी बुरूज काढला, इतकेच. दसऱ्याच्या मिरवणुकीत अंबारी पाहिलेल्या कुठल्याही ग्वाल्हेरकराने हे कोडे क्षणात सोडवले असते.

'गोट अँड कंपासेस', म्हणजे बोकड आणि कंपास, हे 'देव आम्हाला वेढून आहे' अशा अर्थाच्या इंग्रजी वाक्याचे विकृत रूप, असे सांगतात. 'बॅग ओ नेल्स', म्हणजे खिळ्यांची पिशवी, हे रोमन मद्यदेवाच्या उत्सवाच्या 'बॅकनाल्स' या नावावरून आले म्हणतात. 'कॅट अँड फिडल' हे कोण्या 'कॅथरीन ला फिदेल' या राणीवरून. तिन्हींना पुरावा नाही. लोखंडी सामान विकणारा माणूस दारावर खिळ्यांची पिशवी टांगतो, यात विचित्र काय आहे? फिडल वाजवणारे मांजर जुन्या बालगीतांत आणि चर्चच्या लाकडी कोरीवकामातही सापडते. लोकांना साधी कारणे पटत नाहीत, त्यांना राणी हवी असते.

नॉटिंगहॅमच्या किल्ल्याखाली खडकात खोदलेला 'ये ओल्ड ट्रिप टू जेरुसलेम' हा पब स्वतःवर 1189 हे साल मिरवतो. तिसऱ्या धर्मयुद्धाला निघालेले शिलेदार इथे थांबले म्हणे. आतल्या गुहा जुन्या आहेत, पण उभी इमारत बरीचशी सतराव्या शतकातली आहे. तरी जाऊन यावे. गुहेतली बैठक पाहण्यासारखी आहे.

असई, वेलिंग्टन आणि गुराब

अठराव्या शतकानंतर पाट्यांवर सेनापती आले. त्यांत 'मार्क्विस ऑफ ग्रॅन्बी' हे नाव फार दिसते. जॉन मॅनर्स हा सेनापती 1760 मध्ये वॉरबुर्गच्या लढाईत घोड्यावरून दौडत असता त्याची टोपी आणि टोप दोन्ही उडाले, आणि तो टकलाने चमकत शत्रूवर तुटून पडला. पण त्याचे नाव पाट्यांवर आले ते टकलामुळे नव्हे. लढाईत निकामी झालेल्या आपल्या सैनिकांना पब काढायला त्याने पदरचे पैसे दिले असे सांगतात. त्यांनी धन्याचे नाव दारावर लावले. 1770 मध्ये तो वारला तेव्हा डोक्यावर मोठे कर्ज होते.

'ड्यूक ऑफ वेलिंग्टन' नावाचे पबही गावोगाव आहेत. तिथले लोक ही पाटी पाहून वॉटर्लू आठवतात. आम्हा ग्वाल्हेरकरांना दुसरेच काही आठवायला हवे. 23 सप्टेंबर 1803 रोजी, आजच्या जालना जिल्ह्यातील असई गावापाशी, ज्या सेनेशी याच आर्थर वेलस्लीची गाठ पडली ती दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांची होती. शिंद्यांच्या तोफखान्याने इंग्रजांचे इतके नुकसान केले की, आपली सर्वांत चांगली लढाई कोणती या प्रश्नाला उतारवयातल्या वेलिंग्टनने 'असई' एवढेच उत्तर दिल्याचे प्रसिद्ध आहे. त्या पराभवानंतर काही वर्षांनी, 1810 च्या सुमारास, दौलतरावांचा तळ ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली कायमचा पडला. त्या तळाचे शहर झाले आणि नाव राहिले लष्कर. आपले पूर्वज ज्या घटनांच्या ओघात इथे स्थिरावले, त्यांचा एक धागा असा हजारो मैलांवरच्या पाटीवर लोंबतो आहे.

हाच वेलिंग्टन 1830 मध्ये पंतप्रधान असताना बिअरविक्री खुली करणारा कायदा झाला. दोन गिनी भरल्या की कोणाही करदात्या घरमालकाला बिअरचा परवाना मिळू लागला. पहिल्या सहा महिन्यांत सुमारे 24,000 नवे विक्रेते उभे राहिले. नवी दुकाने, नवी नावे. त्यांतल्या अनेकांना ड्यूकचे नाव द्यावेसे वाटले तर नवल नाही.

आता 'बॉम्बे ग्रॅब'. लंडनच्या पूर्वेला बो रोडवर या नावाचा पब होता, आता तो बंद झाला आहे. इंग्रजी वाचणाऱ्याला 'ग्रॅब' म्हणजे हिसकावणे वाटते, आणि 'मुंबई हिसकावली' असा विनोदही होतो. पण हा शब्द आपला आहे. गुराब हे कोकण किनाऱ्यावरचे लढाऊ जहाज, दोन किंवा तीन डोलकाठ्यांचे, पुढे निमुळते आणि सखल होत गेलेल्या नाळीचे. मूळ अरबी शब्दाचा अर्थ कावळा. कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचा कणा गुराबा आणि गलबते हाच होता. मुंबईच्या इंग्रजांनी याच घाटाची जहाजे आपल्या ताफ्यात घेतली आणि शब्दही उचलला. बो भागातच 1752 मध्ये सुरू झालेली हॉजसन यांची ब्रुअरी होती. तिची बिअर ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांवरून मुंबई-कलकत्त्याला येई. त्या व्यापारात गुंतलेल्या वस्तीत मुंबईच्या जहाजाचे नाव दारावर यावे हे साहजिकच. आंग्र्यांच्या धाकाने ज्या जातीच्या जहाजाची ओळख इंग्रजांना झाली, त्याच्या नावाखाली पूर्व लंडनचे गोदी कामगार संध्याकाळी बसत होते.

त्याच भागात 'विडोज सन' आहे. एका विधवेचा खलाशी मुलगा ईस्टरला परतणार होता. त्याच्यासाठी तिने गुड फ्रायडेचा क्रॉस काढलेला गोड पाव राखून ठेवला. मुलगा आला नाही. ती दरवर्षी एक पाव ठेवीत गेली. तिच्या झोपडीच्या जागी हा पब उभा राहिला अशी कथा आहे. आजही गुड फ्रायडेला एक नौसैनिक येऊन छताला टांगलेल्या जाळीत नवा पाव टाकतो. कथेची शहानिशा करण्याची आम्हाला इच्छा झाली नाही.

कामगारांची पाटी

'ब्रिकलेअर्स आर्म्स', 'कार्पेंटर्स आर्म्स', 'मायनर्स आर्म्स' म्हणजे गवंडी, सुतार, खाणकामगार यांच्या नावाचे पब. मुंबईत जसा नाक्यावर मजूर उभा राहतो, तसा बेकार कारागीर आपल्या धंद्याच्या पबात जाऊन बसे आणि मुकादम तिथून त्याला नेई. 'ऑडफेलोज' आणि 'फॉरेस्टर्स' या नावांचे पब म्हणजे परस्पर साह्यकारी मंडळांच्या बैठकीच्या जागा. तिथे आठवड्याला काही पेन्स भरायचे आणि आजारपणात किंवा मयतीला पैसे मिळायचे. विमा आणि पेन्शन नसलेल्या काळात कित्येक कुटुंबे यावर तरली.

याची काळी बाजूही सांगितली पाहिजे. पगारही पबातच वाटला जाई. मुकादम मुद्दाम उशीर करी, कामगार उधारीवर पीत बसे, आणि बायको दाराबाहेर मुलांना घेऊन उभी राही. कोळसा खाणींच्या बाबतीत 1842 च्या कायद्याने आणि इतरत्र 1883 च्या कायद्याने पबात पगार वाटण्यास बंदी आली.

'सायलेंट वूमन', 'क्वाएट वूमन' अशा पाट्यांवर शीर नसलेल्या बाईचे चित्र असते. बाई गप्प कधी बसते, तर मुंडके नसेल तेव्हा, असा तो विनोद. शिरच्छेद झालेल्या संत स्त्रीच्या चित्रावरून ही पाटी निघाली असावी असे जुने अभ्यासक सांगतात. पाटीचा अर्थ विसरला गेला आणि उरला फक्त टोमणा. आम्हाला यात हसण्यासारखे काही दिसत नाही.

पाटीखाली कोणाला प्रवेश

नावांची चर्चा करताना एक गोष्ट आपल्या मुलांना ठाऊक असावी. 'सार्वजनिक घर' सर्वांना सार्वजनिक नव्हते. बर्मिंगहॅमजवळच्या स्मेथिक गावात ओतशाळांमध्ये काम करायला हजारो भारतीय, मुख्यतः पंजाबी, आले होते. 1960 च्या दशकात तिथल्या अनेक पबांत त्यांना काही खोल्यांत बसू देत नसत किंवा मुळीच पेय देत नसत. इंडियन वर्कर्स असोसिएशनचे अवतार सिंग जौहल यांनी याविरुद्ध लढा दिला. फेब्रुवारी 1965 मध्ये अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे नेते माल्कम एक्स स्मेथिकला आले, तेव्हा जौहल त्यांना 'ब्लू गेट्स' या पबात घेऊन गेले. तिथे भेदभाव स्वतः पाहिल्यानंतर नऊ-दहा दिवसांतच न्यूयॉर्कमध्ये माल्कम यांची हत्या झाली. त्याच वर्षाच्या अखेरीस सार्वजनिक जागांत वर्णावरून भेद करण्यास मनाई करणारा कायदा लागू झाला.

आज त्या परिसरातले अनेक पब भारतीय कुटुंबे चालवतात. त्यांना 'देसी पब' म्हणतात. तव्यावरच्या कबाबांसाठी गोरेही रांग लावतात. लक्षात घेण्यासारखी गोष्ट म्हणजे बहुतेकांनी जुनी नावे तशीच ठेवली: 'रेड लायन', 'रेड काऊ'. ज्या सिंहाच्या दारातून वडिलांना परत पाठवले गेले असेल, त्याच सिंहाच्या पाटीखाली मुलगा मालक म्हणून उभा आहे. सगळ्यांनीच असे केले नाही. लंडनच्या साउथॉलमधील 'ग्लासी जंक्शन' हा पंजाबी पब रुपयांत पैसे घेई. तो आता बंद आहे.

नावे बदलण्याचा वाद अजून चालू आहे. 2021 मध्ये ग्रीन किंग या मोठ्या कंपनीने 'ब्लॅक बॉय' नावाचे आपले तीन आणि 'ब्लॅक्स हेड' नावाचा एक पब यांची नावे बदलण्याचे जाहीर केले. काही गावांत विरोध झाला. हे नाव सावळ्या वर्णाच्या दुसऱ्या चार्ल्सचे टोपणनाव आहे, असे विरोधकांचे म्हणणे. काही ठिकाणी ते खरेही असेल. पण अनेक पाट्यांवर राजा नव्हता, आफ्रिकी मुलाचे चित्र होते.

पब गेला, नाव उरले

2000 साली ब्रिटनमध्ये साठ हजारांच्या आसपास पब होते. आता ती संख्या पन्नास हजारांच्या बरीच खाली आली आहे. महागडी जागा, घरपोच स्वस्त बिअर, 2007 ची धूम्रपानबंदी अशी कारणे देतात. इमारतीची घरे किंवा दुकाने होतात आणि पाटी उतरते.

नावे मात्र चिवट असतात. लंडनच्या भुयारी रेल्वेच्या नकाशावर 'एंजल', 'रॉयल ओक', 'स्विस कॉटेज', 'मॅनर हाउस', 'एलिफंट अँड कॅसल' ही स्थानके पबांच्या किंवा सरायांच्या नावांवरून आहेत. 'मेडा व्हेल' हे नाव 'हीरो ऑफ मेडा' या पबावरून पडले, आणि तो पब 1806 मध्ये इटलीत मेडा गावी झालेल्या लढाईवरून. लढाई विसरली गेली, पब गेला, रोज हजारो प्रवासी तिथे उतरतात.

आपल्याकडे लष्करातही तेच आहे. शिंदे की छावणी, फालका बाजार, दौलतगंज, महाडिक की गोठ. मराठी 'गोट' म्हणजे सैन्याचा तळ, तो शब्द या 'गोठ'मध्ये आम्हाला ऐकू येतो. अर्थात वर सांगितलेला ऐकीव व्युत्पत्तीचा इशारा आम्हालाही लागू आहे. ज्यांच्या घरी जुने दस्त, सनदा किंवा खरेदीखते असतील आणि त्यांत वस्तीचे नाव जुन्या रूपात लिहिलेले असेल, त्यांनी ते पान मंडळाच्या कार्यालयात दाखवावे. आम्ही उतरवून घेऊ आणि कागद त्याच दिवशी परत करू.